मूतखड्याचे शॉक घेताना हृदयाच्या ठोक्यांचं काय होतं आणि आधी, टेबलावर, नंतर काय बघायचं

सगळा घोळ "शॉक" या शब्दाने होतो. डॉक्टर सहज म्हणून जातात की खडा शॉक देऊन फोडू, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतात छातीवर ठेवायचे ते दोन पॅड आणि टेबलावरून उडणारा पेशंट. मग ज्याला बीपी आहे, अँजिओप्लास्टी झालीय, पेसमेकर आहे किंवा नुसतीच अधूनमधून धडधड होते, तो माणूस आदल्या रात्री झोपतच नाही. मी लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे शॉकने खडा फोडायच्या, रूममध्ये टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं मॉनिटरसमोर बसतोय आणि टेबलावर आडवं होता होता मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, "करंटने हृदय बंद तर नाही ना पडणार?" दोन मिनिटांत याचं उत्तर नीट देता येत नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी बंद आणि कुठली चालू हे इथे वाचून ठरवू नका, पण काय विचारायचं आणि काय सांगायचं हे मात्र यातून नक्की कळेल.

आधी हे डोक्यात पक्कं करा की करंट अजिबात नसतो. मशीन दाबाची लाट तयार करतं, ती पाण्याने भरलेल्या उशीतून आणि जेलमधून तुमच्या पाठीत किंवा कुशीत शिरते, आपलं अंग बरंचसं पाणीच असल्यामुळे ती फारशी न अडता आत जाते आणि खड्याच्या जागी एकवटते. तिथे दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडो पट होतो, पण काही मायक्रोसेकंदांपुरताच. असे एका बैठकीत साधारण २००० ते ३५०० शॉक बसतात, खड्याला भेगा पडत जातात, तुकडे होतात आणि ते नंतर लघवीवाटे पडतात. पेशंटला जाणवतं ते कातडीवर रबरबँडची टिचकी बसावी तसं, आणि आत खोल एक ठोसा.

मग हृदयाचा संबंध कुठे आला? हृदयाचा स्नायू नुसत्या विजेच्या इशाऱ्यावर चालत नाही, त्याला ढकललं, ताणलं तरी तो इशारा समजून एखादा जास्तीचा ठोका देऊ शकतो. खेळताना छातीवर नेमक्या वाईट क्षणी बॉल बसला आणि धडधाकट मुलगा कोसळला, असं क्वचित घडतं ते याच कारणाने. हृदयाच्या रक्तवाहिनीत साठलेलं कॅल्शियम फोडायला आता अगदी छोट्या शॉकवेव्हचा फुगा आतूनच वापरतात, तिथे तर लाट हृदयाला चिकटूनच असते आणि मॉनिटरवर शॉकच्या तालावर जास्तीचे ठोके पडताना दिसतात. किडनीच्या खड्यात लाटेचा रोख हृदयापासून लांब असतो, म्हणून परिणाम खूप सौम्य, पण शून्य नाही. शिवाय दुखणं, भीती, गुंगीच्या औषधाने मंदावलेला श्वास, पोटॅशियमची गडबड, हे सगळं त्यात भर घालतं आणि माझ्या मते बऱ्याचदा मुख्य कारण हेच असतं.

गेटिंग म्हणजे काय

हे थोडं खोलात सांगतो कारण पुढचं सगळं यावर आहे. ईसीजीच्या पट्टीवर जो उंच टोकदार सुळका दिसतो तो आर वेव्ह, म्हणजे खालचे मोठे कप्पे आकुंचन पावायची वेळ. त्यानंतर लगेचचा काळ असा असतो की हृदयाला काहीही केलं तरी ते नवीन ठोका देत नाही, स्नायू अजून तयारच नसतो. पुढे येतो तो गोलसर टी वेव्ह, आणि त्याच्या चढाच्या आसपास एक छोटीशी खिडकी असते जिथे हृदय नाजूक असतं, त्या क्षणी बसलेला धक्का ठोक्यांचा ताल बिघडवू शकतो.

किडनीच्या खड्यावर माणसाला पहिली शॉकवेव्ह दिली ती फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला, डॉर्निअर या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनवर. तेव्हा पेशंटला भूल देऊन पाण्याच्या टबात बसवायचे. सुरुवातीच्या त्या काळातच जास्तीचे ठोके पडताना दिसले म्हणून मशीनला ईसीजी जोडला गेला, आणि शॉक आर वेव्हनंतर साधारण २० मिलिसेकंदांत सुटेल अशी व्यवस्था केली, म्हणजे बरोब्बर त्या सुरक्षित काळात. यालाच गेटिंग म्हणतात. हृदयाने एक ठोका दिला की मशीन एक शॉक सोडतं.

याचा तोटा एकच, वेळ. ३००० शॉक द्यायचेत आणि पेशंटचे ठोके मिनिटाला ७२ आहेत तर जवळपास ४२ मिनिटं लागतात, पण बीटा ब्लॉकरवर, म्हणजे ठोके मंद ठेवणाऱ्या गोळीवर, असलेल्या आणि ४५ ठोके असलेल्या काकांना तेच काम तासाच्या वर जातं. म्हणून जुन्या काळी ठोके वाढवायला अ‍ॅट्रोपिन द्यायचे सुद्धा. नंतर मशीन बदलली, टब गेले, लाटेचा रोख छोटा झाला, आणि लक्षात आलं की बहुतेकांना गेटिंगशिवाय, मिनिटाला ६० ते ९० च्या ठरावीक वेगाने शॉक दिले तरी काही गंभीर होत नाही, फार तर काहींना सुटे जास्तीचे ठोके पडतात आणि शॉक थांबले की तेही थांबतात. त्यामुळे आज बऱ्याच ठिकाणी सुरुवात गेटिंगशिवाय करतात आणि गरज पडली तर चालू करतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त तुम्हाला हृदयाचा आजार असेल तर सोय मशीनवर आहे ना आणि सुरुवातीपासून वापरणार का हे आधी विचारून ठेवा.

वेगाबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, लोकांना वाटतं पटापट झालं म्हणजे चांगलं. उलट आहे. मिनिटाला १२० पेक्षा ६० च्या आसपासच्या वेगाने खडा जास्त चांगला फुटतो आणि किडनीलाही इजा कमी होते. त्यामुळे पाऊण तास लागला तर कुरकुर करू नका, तो वेळ तुमच्या भल्याचाच आहे.

पायरी १ : हृदयाची पूर्ण कहाणी सांगा, न विचारता

युरॉलॉजिस्टसमोर माणूस खड्याबद्दल बोलतो, तो किती एमएमचा ते सांगतो, सोनोग्राफी दाखवतो, आणि हृदयाचं राहून जातं कारण "ते वेगळ्या डॉक्टरांकडे चालू आहे". हेच सगळ्यात महागात पडतं. कागदावर लिहून न्या : कधी अटॅक आलाय का, हृदयात स्टेंट बसवलाय का आणि कुठल्या महिन्यात, बायपास, झडपेचं ऑपरेशन, पेसमेकर, कधी चक्कर येऊन पडलात का, अधूनमधून धडधड होते का आणि किती वेळ टिकते, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. जुना ईसीजी आणि टूडी इको असेल तर तो सोबत. जुना ईसीजी फार उपयोगाचा असतो कारण टेबलावर एखादा वेडावाकडा ठोका दिसला की तो आजचा की दहा वर्षांपूर्वीपासूनचा हे त्यावरून लगेच कळतं.

आणि स्टेंट या शब्दाची काळजी घ्या, मनापासून सांगतो. खड्याच्या पेशंटला बऱ्याचदा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी, टाकलेला असतो, आणि हृदयातल्या स्प्रिंगलाही आपण स्टेंटच म्हणतो. एकदा एका काकांनी फॉर्म भरताना "स्टेंट आहे" एवढंच सांगितलं, लिहिणाऱ्याने डीजे स्टेंट धरला, आणि टेबलावर चढवल्यावर मी सहज विचारलं तेव्हा कळलं की स्टेंट हृदयात आहे, तोही ४ महिन्यांपूर्वीचा, आणि रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सकाळीच घेतल्यात. शॉक त्या दिवशी रद्द झाले. दहा मिनिटं उशिरा विचारलं असतं तर किडनीभोवती रक्तस्राव व्हायची मोठी भीती होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, स्टेंट हृदयात की किडनीत. तुम्हीही सांगताना असंच सांगा.

पायरी २ : गोळ्यांची पिशवीच घेऊन जा

यादी नको, खरी पिशवी. कारण यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. शॉकवेव्हने किडनीत थोडं खरचटतंच, लघवी लाल होते ती त्यामुळेच. रक्त पातळ असेल तर तेच खरचटणं किडनीभोवती मोठी गाठ बनू शकतं, त्यामुळे क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबान, अ‍ॅपिक्साबान असं काही चालू असेल तर शॉकच्या आधी ते थांबवावं लागतं. साधारण क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, वॉरफेरिन ५ दिवसांच्या आसपास आणि मग आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, बघून, नवीन गोळ्या, म्हणजे वरच्या यादीतल्या शेवटच्या तीन, दोनतीन दिवस, पण किडनी कमी चालत असेल तर त्या अंगात जास्त रेंगाळतात आणि जास्त दिवस धरावे लागतात. आता दुसरी बाजू बघा. एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याच्या एएफ या आजाराचा पेशंट ही गोळी कशासाठी घेतो? हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून. नवीन स्टेंटवाला कशासाठी घेतो? स्टेंट बंद पडू नये म्हणून. म्हणजे थांबवणं पण धोका, न थांबवणं पण धोका. हा निर्णय युरॉलॉजिस्ट आणि कार्डिऑलॉजिस्ट या दोघांनी मिळून घ्यायचा असतो, तुमचं काम त्या दोघांचं बोलणं करून देणं आणि लेखी घेणं की कुठली गोळी कुठल्या तारखेपासून बंद आणि कधी परत सुरू. ज्यांना थांबवता येणारच नाही त्यांच्यासाठी शॉक हा मार्गच नाही, त्यांचा खडा दुर्बिणीने मूत्रमार्गातून जाऊन लेसरने फोडता येतो, ते काम गोळ्या चालू ठेवूनही करता येतं. मला स्वतःला वाटतं की हृदयाच्या पेशंटने "मला शॉकच हवेत, कापाकापी नको" असा हट्ट धरू नये, दुर्बिणीत कापाकापी नसतेच.

दुसरा प्रश्न ठोके सांभाळणाऱ्या गोळ्यांचा, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, अमिओडेरोन वगैरे. "उपाशी पोटी यायचंय" असं ऐकून लोक या गोळ्याही सोडतात आणि मग टेबलावर ठोके १२० ला आणि बीपी १८० ला. या गोळ्या बहुधा त्या सकाळीही दोन घोट पाण्यासोबत घ्यायला सांगतात, विचारून घ्या आणि विसरू नका. बीपी चढलेलं असताना शॉक दिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून बीपी खाली येईपर्यंत आम्ही सुरूच करत नाही.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पोटॅशियमचा. खडे परत होऊ नयेत म्हणून दिलेली थायाझाइड गटातली गोळी पोटॅशियम कमी करते. खड्याच्या दुखण्यात दोन दिवस उलट्या झाल्या तर ते अजून कमी. उलट लघवी अल्कधर्मी करायला दिलेलं पोटॅशियम सिट्रेटचं औषध पोटॅशियम वाढवतं, आणि सोबत बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल, स्पायरोनोलॅक्टोन असेल, किडनी खड्यामुळे अडलेली असेल तर ते बरंच वर जाऊ शकतं. कमी असो की जास्त, दोन्हीत ठोके बिघडतात. नॉर्मल साधारण ३.५ ते ५ च्या आत हवं. त्यामुळे शॉकच्या आधी होणाऱ्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनसोबत सोडियम पोटॅशियम आहे का बघा, हृदयाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मॅग्नेशियमही करायला सांगा.

पायरी ३ : पेसमेकर किंवा आयसीडी असेल तर

पेसमेकर आहे म्हणून शॉक देताच येत नाहीत, हे जुनं झालं. देता येतात, पण तयारी लागते. पेसमेकरच्या कार्डाचा फोटो पाठवू नका, कार्ड घेऊन या, त्यावर कंपनी आणि मॉडेल असतं. कार्डिऑलॉजीच्या टीमने आधी तो तपासून सांगावं लागतं की बॅटरी कशी आहे आणि मुख्य म्हणजे पेशंट त्यावर किती अवलंबून आहे. हालचालीनुसार ठोके वाढवणारे पेसमेकर शॉकच्या धक्क्यांना हालचाल समजून विनाकारण पळू शकतात, म्हणून ती सोय तेवढ्यापुरती बंद करतात. दुसरी अडचण गेटिंगची : वरच्या कप्प्याला पेसमेकर जो इशारा देतो त्याचा सुळका लिथोट्रिप्सी मशीन चुकून आर वेव्ह समजू शकतं आणि शॉक चुकीच्या वेळी सुटू शकतो, त्यामुळे गेटिंग वापरायचं असेल तर वरच्या कप्प्याचं पेसिंग बंद ठेवतात. लाटेचा रोख पेसमेकरच्या डबीपासून लांब हवा, साधारण १५ सेंटीमीटर तरी. छातीत कॉलरबोनखाली बसवलेल्याला हे आपोआपच जमतं, पोटात बसवलेलं जुनं उपकरण असेल तर शॉक टाळलेलेच बरे.

आयसीडी म्हणजे जो आतूनच हृदयाला शॉक देतो, त्याची गोष्ट अजून नाजूक. लिथोट्रिप्सी चालू असताना त्याने गडबडीला धोक्याचे ठोके समजून शॉक मारू नये म्हणून त्याचं शॉक द्यायचं काम तात्पुरतं बंद करायचं ठरू शकतं, आणि तेवढा वेळ बाहेरचं डिफिब्रिलेटर पॅड लावून तयार हवं. मॅग्नेट ठेवून काम भागतं असं काही जण सांगतात, पण मॅग्नेटने पेसमेकर ठरावीक वेगाने चालायला लागतो आणि आयसीडीत मात्र बहुधा फक्त शॉक बंद होतात, पेसिंग तसंच राहतं, मॉडेलनुसार फरक पडतो. म्हणून मॅग्नेटच्या भरवशावर राहू नका. काम झाल्यावर उपकरण परत तपासलं गेलं पाहिजे आणि आयसीडी परत चालू झालाय हे तुम्ही स्वतः तोंडाने विचारून मगच मॉनिटर काढू द्या. नातेवाईकाने विचारलं तरी चालेल, पण विचारा. बंद राहिलेला आयसीडी घेऊन घरी जाणं ही या सगळ्यातली सगळ्यात धोकादायक चूक आहे.

पायरी ४ : शॉक कुणाला नकोच

गरोदरपण, रक्त न गोठण्याचा दुरुस्त न झालेला आजार, लघवीचं चालू इन्फेक्शन, खड्याच्या खाली मूत्रमार्ग अडलेला, आणि पोटातल्या महाधमनीला किंवा किडनीच्या धमनीला फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, असेल तर शॉक देत नाहीत. शेवटचं हृदयाच्या पेशंटने खास लक्षात ठेवा, कारण ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब त्यांच्यात हा फुगा जास्त सापडतो, आणि खड्यासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो, फक्त रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला हवा. छातीत नुकतंच दुखायला लागलं असेल, हार्ट फेल्युअर काबूत नसेल, तर खडा थांबू शकतो. किडनी अडली असेल तर डीजे स्टेंट टाकून वेळ काढता येतो.

पायरी ५ : टेबलावर

ईसीजीचे स्टिकर लावताना छातीवर क्रीम, तेल, घाम नको, नाहीतर रेघ थरथरते आणि गेटिंग गोंधळतं. आम्ही अशी लीड, म्हणजे ईसीजीची अशी रेघ, निवडतो ज्यात आर वेव्ह उंच आणि टी वेव्ह बुटका दिसतो, कारण टी वेव्ह उंच असला तर मशीन त्यालाही ठोका मोजतं आणि शॉक नेमका त्या नाजूक खिडकीत सुटतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. मॉनिटरवरचा आकडा आणि मनगटावर मोजलेली नाडी जुळते का हे सुरुवातीलाच बघायचं, आकडा दुप्पट दिसला तर दुहेरी मोजणी चालू आहे. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा, हाताला सलाइनची सुई. आणि खोलीत डिफिब्रिलेटर. तो चालू स्थितीत आहे ना हे विचारायला पेशंटने संकोच करू नये.

सुरुवात कमी ताकदीने करतात आणि हळूहळू वाढवतात. याने किडनीच्या रक्तवाहिन्या आधी आवळल्या जातात आणि इजा कमी होते, शिवाय पेशंटला सवय होते आणि दुखण्याने ठोके उसळत नाहीत. दुखत असेल तर सांगा, सहन करत दात आवळून पडू नका. तीव्र दुखण्याने काहींचे ठोके पळतात आणि काहींचे उलट एकदम मंद होतात, घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यापुढे अंधारी येते. तो व्हेगस नर्व्हचा परिणाम असतो, पाय वर केले, शॉक थांबवले, गरज पडली तर अ‍ॅट्रोपिन दिलं की सावरतो. पण गुंगीचं औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, ऑक्सिजन खाली जातो आणि त्यानेही ठोके बिघडतात, म्हणून नाकाला ऑक्सिजन लावला तर घाबरू नका.

आता तो क्षण, मॉनिटरवर मधेच एक रुंद, वेगळ्याच आकाराचा ठोका. आम्ही काय करतो ते सांगतो म्हणजे अचानक शांतता झाली तर तुम्हाला कळेल की काय चाललंय. पहिली नजर ऑक्सिजनच्या चिमट्याच्या लाटेवर, कारण शॉकच्या आवाजाने किंवा पेशंट दचकल्याने ईसीजीवर खोटा सुळका उठतो, तो खोटा असेल तर नाडीची लाट आपली एकसारखी चालू राहते. खरा असेल तर त्या लाटेत खंड पडलेला किंवा एखादी लाट बुटकी दिसते. सुटा एखादा असेल तर नुसतं लक्ष ठेवतो. वारंवार यायला लागले की शॉक थांबवतो, बहुतेक वेळा आपोआप जातात. मग स्टिकर, दुखणं, ऑक्सिजन, बीपी बघून गेटिंगवर टाकून परत सुरू. सलग तीनचार रुंद ठोके आले, बीपी पडलं, छातीत दुखायला लागलं तर त्या दिवसाचं काम तिथेच संपलं, डॉक्टर औषध द्यायचं ते देतात आणि खडा नंतर बघू. पेशंटला यातलं बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, काहींना छातीत एक गोता खाल्ल्यासारखं वाटतं आणि पुढचा ठोका जोरात येतो. तसं वाटलं तर बोला, हात वर करा, पण अंग हलवू नका.

एएफच्या पेशंटचे ठोके मुळातच अनियमित, त्यामुळे गेटिंगवर शॉकही कधी पटापट कधी थांबून येतात. त्यांनी त्या विस्कळीत टकटकीला घाबरू नये.

लहान मुलांबद्दल एवढंच की त्यांची फुप्फुसं किडनीच्या फार जवळ असतात आणि हवेच्या सीमेवर लाट इजा करते, म्हणून छातीच्या बाजूला थर्माकोलसारखी शीट लावून फुप्फुस झाकतात.

पायरी ६ : घरी गेल्यावर

शॉकमुळे आलेले जास्तीचे ठोके शॉकसोबतच संपतात. ही ओळ मी सगळ्यांना पाठ करायला सांगतो, कारण याचाच अर्थ असा की घरी गेल्यावर रात्री किंवा दुसऱ्या दिवशी धडधड सुरू झाली तर ती "शॉकचा परिणाम असेल" म्हणून सोडून द्यायची नाही, तिचं कारण वेगळं शोधायचं.

एक कारण रक्तस्राव. लघवी एकदोन दिवस लालसर होणं ठीक आहे. पण कुशीतलं दुखणं गोळीनेही न थांबता वाढत चाललंय, चेहरा पांढरा पडलाय, उभं राहिलं की चक्कर, नाडी पळतेय, तर किडनीभोवती रक्त साचतंय का हे सोनोग्राफी किंवा सीटी करून बघायलाच हवं. यात एक फसवी गोष्ट आहे, बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी रक्त गेलं तरी फारशी वाढत नाही, त्यामुळे ८० ची नाडी बघून निश्चिंत होऊ नका, बीपी आणि चक्कर बघा.

दुसरं कारण इन्फेक्शन. फुटलेले तुकडे मूत्रवाहिनीत रांग लावून अडकतात, वर लघवी तुंबते, खड्यातले जंतू रक्तात जातात. थंडी वाजून ताप, नाडी वेगात, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी. याने नव्याने एएफ सुद्धा सुरू होऊ शकतो. हे रात्री दोनला झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी.

तिसरं कारण औषधं. उलटीसाठी ऑन्डानसेट्रॉन, इन्फेक्शनसाठी लिव्होफ्लोक्सासिन किंवा सिप्रोफ्लोक्सासिन, ही दोन्ही ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे ठोका देऊन हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ, लांबवतात, आणि सोबत अमिओडेरोन किंवा सोटालॉल चालू असेल, पोटॅशियम कमी असेल तर धोकादायक ठोके येऊ शकतात. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक सगळीकडे लिहिली जाते, चांगली लागू पडते यात वाद नाही, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा हार्ट फेल्युअर असलेल्यांनी ती घेऊ नये असं युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्येच सांगितलंय. तुकडे लवकर पडावेत म्हणून टॅमसुलोसिन मिळते, ती बीपी खाली आणते, आधीच बीपीच्या दोन गोळ्या असतील तर रात्री बाथरूमला उठताना गरगरतं आणि छाती धडधडते. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उठा. डिस्चार्जच्या कागदावर ही नावं दिसली की तिथेच विचारायचं, "मला हृदयाचा त्रास आहे, ही चालेल ना?"

आणि पाणी. सगळ्यांना सांगतात भरपूर प्या, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. ज्यांचं हृदय कमजोर आहे, इकोमध्ये पंपिंग ३०-३५ टक्के लिहिलंय, ज्यांना दिवसाला दीड लिटरच पाणी प्या असं सांगितलंय, त्यांनी हे ऐकून पाणी ढोसलं तर पायाला सूज आणि दम. दोन डॉक्टर दोन आकडे सांगत असतील तर पेशंटने मधला काढायचा नाही, कार्डिऑलॉजिस्टला फोन करून एकच आकडा ठरवून घ्यायचा आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बेशुद्ध पडणं, ठोके सलग पळत राहून श्वास न पुरणं, यात खड्याचा विचारच करायचा नाही, अँब्युलन्स बोलवायची.

राहिली रक्त पातळ करायची गोळी परत सुरू करायची. ही इतक्या वेळा राहून जाते की मी आता नातेवाईकाच्या मोबाइलमध्ये समोरच तारखेचा अलार्म लावायला सांगतो. लघवी साफ झाली म्हणून आपणच लवकर सुरू करायची नाही आणि लाल दिसतेय म्हणून आपणच लांबवायची पण नाही. कागदावर लिहिलेल्या दिवशी लघवी अजूनही लाल असेल तर त्याच दिवशी युरॉलॉजिस्टला फोन, आणि ते म्हणाले अजून थांबा तर लगेच दुसरा फोन कार्डिऑलॉजिस्टला.